सांगलीत बसून आपलं गाणं लोकांपर्यंत कसं पोचवायचं

गाणं रेकॉर्ड झालं, मिक्स झालं, यूट्यूबवर चढलं. मित्रांनी ‘लय भारी’ म्हणत स्टेटसला ठेवलं, मामाने गावाच्या ग्रुपवर टाकलं, दोन दिवसांत चारेकशे व्ह्यूज आले आणि आठवड्याभरात सगळं थंड. सांगली-मिरजेकडे स्वतःची गाणी करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. गाणं वाईट असतं असं नाही. ऐकणारी माणसं कोण होती आणि पुढचं गाणं आलं की त्यांना कळवायचं कसं, हेच कलाकाराला माहीत नसतं.

कंपनी नाही, मॅनेजर नाही आणि पुण्या-मुंबईला बिऱ्हाड हलवायचा विचारही नाही, अशांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिले पाचशे श्रोते जिल्ह्यातच मिळवा, त्यांचे नंबर स्वतःकडे ठेवा आणि ऑनलाइन जे काही आहे ते त्यांना गाणं पोचवायला वापरा. उलट्या क्रमानेही एखाद्याचं जमतं, पण त्यात नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. तासगाव तालुक्यातली एक मुलगी स्वतः लिहिते आणि गिटारवर गाते. द्राक्षबागेच्या छाटणीवर तिने गाणं केलंय. ढोलकी मित्राची, चाल निम्मी तिची, निम्मी त्याची.

आधी कागद

गाणं पुरं झालं त्याच दिवशी एक साधा कागद करा. स्टँपपेपर लागत नाही. ‘या गाण्याचे शब्द अमुकचे. चाल अमुक आणि तमुकची, निम्मी-निम्मी. रेकॉर्डिंगचा खर्च अमुकने केला, म्हणून रेकॉर्डिंगची मालकी त्याची. ढोलकीवादकाला अमुक रक्कम दिली.’ खाली तारीख, सगळ्यांच्या सह्या, आणि कागदाचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. मैत्रीत हे करायला संकोच वाटतो. पण गाणं चाललं की वाद होतात आणि नाही चाललं तर कागद कुणाला आठवतही नाही, म्हणजे करण्यात तोटा काहीच नाही.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक, रेकॉर्डिंग हा दुसरा. एखादी म्युझिक कंपनी काही हजार देऊन गाणं ‘घेते’ म्हणते, तेव्हा ती नक्की यातलं काय घेते ते विचारा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला आहे. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं कायदा धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच तयार करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे दोन शब्द हटकून असतात. ते खोडून घेता आले तर पाहा, नाहीतर रक्कम तरी त्या तोलाची मागा.

दुसऱ्याचे शब्द घेत असाल तर हिशेब सोपा आहे. कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. आपल्याच जिल्ह्यातली दोन नावं घेऊ. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले; त्यांच्या शब्दांवरचा हक्क २००५ अखेर संपला. शेटफळ्याचे गदिमा १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. तुकोबांचा अभंग कुणीही गावा, पण तो ज्या लोकप्रिय चालीत तुमच्या कानात बसलाय ती चाल कुणातरी संगीतकाराची असू शकते. अभंग घ्या, चाल स्वतःची लावा. भजनी मंडळात ऐकलेली परंपरागत चाल घेतलीत तर तसं नमूद करा.

रॅप करणाऱ्या पोरांसाठी एक वेगळी सूचना. इंटरनेटवरून बीट, म्हणजे तयार ताल-संगीत, विकत घेतलीत आणि तीच बीट विकणाऱ्याने आणखी पन्नास जणांना दिली असेल, तर वितरकाच्या (गाणं सगळ्या अ‍ॅप्सवर चढवून देणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर यूट्यूब कंटेंट आयडीच्या, म्हणजे तुमचा आवाज दुसऱ्यांच्या व्हिडिओंत आपोआप शोधणाऱ्या सोयीच्या, चौकोनात टिक करू नका. त्या पन्नास जणांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जातील आणि भांडणं तुमच्या दारात येतील.

शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. गायक-वादकांसाठी इसामरा आहे. पैसे लगेच येत नाहीत. पण गाणं नोंदवलेलंच नसेल तर कधीच येणार नाहीत.

फाइल आणि नाव

मास्टर फाइल वेव्ह स्वरूपात घ्या, एमपीथ्री नको. आवाज किती चढवायचा यावर स्टुडिओत नेहमी खेचाखेच होते. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या जोराचं माप) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे कानठळ्या बसवणारं मास्टरिंग करून हाती काही लागत नाही; ढोलकीची थाप तेवढी चपटी होते. रेकॉर्डिस्टला सांगा, थाप जिवंत राहू दे. कव्हरचं चित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावर फोन नंबर किंवा लोगो नकोत. वितरक परत पाठवतो.

नावावर एक संध्याकाळ घालवा. तुमचं नाव स्पॉटिफाय, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर शोधा. त्याच नावाचे चार गायक निघाले तर गावाचं नाव किंवा आडनाव जोडा, नाहीतर तुमचं गाणं भलत्याच्याच पानावर जाऊन बसतं आणि तिथून हलवायला आठवडे जातात. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. गाण्याच्या नावाचंही तसंच. यूट्यूबच्या शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही द्या, कारण लोक दोन्हींत शोधतात. खाली वर्णनात पूर्ण शब्द देवनागरीत टाका आणि साथीदारांची नावं विसरू नका. ढोलकीवाल्याचं नाव दिसलं की त्याचे पाहुणे गाणं पुढे पाठवतात, ही फुकटची जाहिरात आहे.

स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक आणि रील्सच्या लायब्ररीत गाणं जायचं तर वितरक लागतो. काही वितरक वर्षाची वर्गणी घेतात आणि हवी तितकी गाणी चढवू देतात, डिस्ट्रोकिड त्यातला. वर्गणी थांबली तर गाणी उतरू शकतात, हे आधी वाचून घ्या. काही दर रिलीजमागे एकदाच फी घेऊन उत्पन्नातून टक्का कापतात. सीडी बेबी त्यातला. वर्षाला एक-दोनच गाणी काढणार असाल तर दुसरा प्रकार परवडतो, महिन्याला एक काढणार असाल तर पहिला. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा क्रमांक मिळतो. वितरक तो देतो. वहीत लिहून ठेवा. पुढे वितरक बदललात तर तोच क्रमांक वापरायचा, म्हणजे जुने आकडे बुडत नाहीत.

फॉर्म भरताना भाषा ‘मराठी’ निवडा. हसू नका, घाईत ‘इंग्लिश’ राहून गेलेली मराठी गाणी हवी तेवढी सापडतील. कॉलर ट्यूनचा पर्याय असेल तर घ्या, आपल्याकडे ती अजून लावली जाते. रील्ससाठी तुकडा कितव्या सेकंदापासून सुरू व्हावा असं विचारलं जातं, तिथे गिटारचा आरंभ देऊ नका. थेट ध्रुवपदावर या.

तारीख

शुक्रवारी रिलीज करायचं ही जगाची रीत आहे, ती पाळली तरी चालेल. आपल्याकडे महिना कुठला हे त्याहून महत्त्वाचं.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढलं की सांगलीकराच्या फोनवर एकच गोष्ट असते, आयर्विन पुलाची पाणीपातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला त्या दिवसांत तुमचं प्रेमगीत ऐकवायला जाऊ नका. गणपतीत ऐकायला माणसं मोकळी असतात, पण कानावर आरत्या आणि डीजे. नवं हळुवार गाणं त्यात बुडतं. गणपतीचंच गाणं असेल तर मात्र महिनाभर आधी काढा, म्हणजे मंडळांच्या साऊंडवाल्याच्या पेनड्राइव्हवर ते पोचेल. तासगावचा रथ ऋषिपंचमीला निघतो, त्या दिवशी हातात पेनड्राइव्ह घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणातलं गाणं छाटणीचं. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. बागेत कात्री चालवणाऱ्या टोळ्यांतल्या बायकांच्या फोनवर दिवसभर गाणी चालू असतात. म्हणजे गाणं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवं. यात्रांचा मोसम चैत्र-वैशाखाचा. तोवर द्राक्षं गेलेली असतात, ऊस गेलेला असतो, हातात थोडे पैसे आणि रात्री मोकळ्या असतात. मंचावरचे कार्यक्रम त्या दिवसांत धरा.

यात्रेचा आणखी एक फायदा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईची कुटुंबं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, पार तमिळनाडू-केरळपर्यंत. यात्रेला ही माणसं गावी येतात. परत गेल्यावर गावाची सय आणणारं काहीही त्यांच्या ग्रुपवर हातोहात फिरतं. जिल्ह्याबाहेरचा श्रोता जाहिरातीने शोधत बसण्याआधी हा आयता श्रोता लक्षात घ्या.

रिलीजच्या आधीचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात गाणं वितरकाकडे चढवा आणि तारीख किमान चार आठवडे पुढची द्या. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सचं खातं ताब्यात घ्या. ते फुकट आहे. न आलेलं गाणं तिथून स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या संपादकांना सुचवता येतं. तारखेच्या सात दिवस आधी सुचवलंत तर निदान तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीमध्ये ते नक्की जातं. सुचवताना जो रकाना येतो त्यात स्वतःची स्तुती नको. ‘तासगावच्या द्राक्षबागांतल्या छाटणीचं गाणं; ढोलकी आणि गिटार; गायिका स्वतः बागायतदाराच्या घरातली’ एवढं पुरे. वाचणाऱ्याला प्लेलिस्ट ठरवायला कामाची माहिती लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रील्स. इन्स्टाग्रामचं खातं ‘क्रिएटर’ प्रकारचं ठेवा. ‘बिझनेस’ खात्याला गाण्यांची लायब्ररी अर्धीमुर्धीच मिळते. रीलबद्दल सल्ले सगळीकडे आहेत, मी एकाच गोष्टीवर रेंगाळतो, ती म्हणजे पहिले तीन सेकंद. बहुतेक रील्स कलाकार मान खाली घालून गिटारचा कान पिळताना सुरू होतात. पाहणारा तेवढ्यात पुढे गेलेला असतो. आपल्या मुलीची रील अशी सुरू व्हावी: चौकटीत फक्त कात्री आणि काडी. कट्. काडी पडते. त्याच क्षणाला ढोलकीची पहिली थाप. मग तिचा आवाज, चेहरा अजून नाही. चौथ्या ओळीला कॅमेरा वर, तेव्हा कळतं की छाटणारी आणि गाणारी एकच आहे. याला खर्च शून्य, फक्त थाप आणि कात्री एका क्षणावर बसायला हवी. फोनवरच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये आवाजाची लहर मोठी करून ते जुळवता येतं.

विषय संपले असं वाटलं तर आजूबाजूला पाहा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराच्या परवानगीने जवारी काढतानाचं (घोडी घासून आवाज लावतानाचं) अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा. घोडीवरून तार छेडली जाते तेव्हा आवाज आधी बोदा, मग जरा घासल्यावर तोच आवाज उघडतो, भरतो. संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही हा फरक ऐकू येतो. खाली लिहा की पुढच्या गाण्यात हाच तंबोरा आहे. मात्र खरोखरच असेल तरच लिहा.

यूट्यूबवर पूर्ण गाणं आणि त्यातूनच काढलेले दोन-तीन शॉर्ट्स टाका. शॉर्टला ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून पूर्ण गाणं जोडता येतं. हे जोडायचं राहिलं तर शॉर्टला पन्नास हजार व्ह्यूज येऊनही गाण्याकडे कुणी फिरकत नाही. व्हिडिओचा खर्च फार करू नका. ड्रोनचा शॉट काढण्यापेक्षा त्या पैशात आणखी एक गाणं रेकॉर्ड होतं.

चौथा आठवडा फोनचा. ज्यांच्याशी खरी ओळख आहे त्यांना एकेकाला मेसेज करा. ग्रुपवर ढकलून मोकळं होऊ नका.

मंचावरून फोनमध्ये

या लेखातलं सगळ्यात कामाचं प्रकरण हेच.

गावोगावी तुम्ही गाता. यात्रा, लग्नाची हळद, शाळेचं गॅदरिंग, दिवाळी पहाट, कोजागिरी. समोर दीडशे माणसं बसतात, टाळ्या देतात आणि घरी जातात. उद्या त्यातल्या एकाचाही नंबर तुमच्याकडे नसतो. फ्लेक्सवर क्यूआर कोड छापून पाहा. मंचावरच्या दिव्यांत आणि पाठीमागच्या गर्दीतून तो कुणाला स्कॅन होत नाही, आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस तर त्याच्या वाटेला जात नाही.

त्यापेक्षा एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा. तेही फुकट आहे. त्यात नव्या माणसाला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज ठेवता येतो. कार्यक्रमात तुमचं स्वतःचं गाणं झाल्याबरोबर, टाळ्या चालू असतानाच सांगा: ‘हे गाणं घरी ऐकायचं असेल तर या नंबरवर नुसतं “छाटणी” लिहून पाठवा.’ नंबर दोनदा, सावकाश, दोन-दोन आकडे करून. निवेदकाच्या हातात चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण ऐनवेळी तो चुकतोच. फ्लेक्सवर नंबर आणि तो शब्द, एवढंच. स्वागताचा मेसेज असा ठेवा:

‘नमस्कार! गाणं ऐकल्याबद्दल आभार. हे घ्या गाणं (लिंक). माझा नंबर सेव्ह करून ठेवलात तर नवीन गाणं आलं की तुम्हाला आधी पाठवेन. महिन्यातून एखाद्या मेसेजपेक्षा जास्त त्रास देणार नाही. नको असल्यास “नको” कळवा. तुमचं गाव कुठलं?’

‘नंबर सेव्ह करा’ हे वाक्य वगळू नका. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाईल असा, पाठवलेला मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. एका यादीत २५६ माणसं मावतात. गावाचा प्रश्नही उगाच नाही. उत्तर आलं की त्या माणसाला गावाचं लेबल लावा: कवठेमहांकाळ, विटा, पलूस, जत. पुढच्या वर्षी विट्याजवळ कार्यक्रम ठरला की विट्याच्या लेबलातल्या माणसांनाच कळवायचं. यात्रा कमिटीशी बोलताना ‘तुमच्या भागातली सत्तर माणसं माझी गाणी ऐकतात’ हे यादी दाखवून सांगता येतं, आणि त्याचा परिणाम फॉलोअर्सच्या आकड्याहून जास्त होतो. कमिटीतले पंच व्यवहारी असतात.

गाणं पाठवताना लिंक पाठवा, फाइल नको. फाइल पाठवली की आकडे कुठेच मोजले जात नाहीत. स्टेटसला ठेवण्यासाठी तीस सेकंदांचा तुकडा मात्र फाइल म्हणूनच द्या, आणि तोही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप चित्राची पार वाट लावतं. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलही काढा हवं तर, पण तिथे कोण ऐकतंय ते तुम्हाला कळत नाही, म्हणून मला त्याचं फारसं कौतुक नाही.

कार्यक्रमातली गाण्यांची रांग लावताना तीन ओळखीची, मग एक आपलं. सलग चार आपली गाणी लावलीत तर मागच्या रांगा पानाच्या टपरीकडे निघतात. आणि आपलं गाणं शेवटी ठेवू नका. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरतीच बारापर्यंत सवलत देतं. सत्कार, भाषणं आणि देणगीदारांची नावं यात वेळ गेला की कात्री शेवटच्या गाण्यालाच लागते. कार्यक्रम ठरवतानाच साडेसात ते नऊ मागून घ्या.

यात्रेच्या जोडीला वर्षातून दोन-तीनदा स्वतःची छोटी बैठक करा. विश्रामबागेतल्या कुणाचा तरी मोठा हॉल, वाचनालयाचं सभागृह, शाळेचा वर्ग. चाळीस-पन्नास माणसं, सतरंज्या, माइक नसला तरी चालेल. तिकीट ठेवा, शंभर रुपये का असेना. फुकट असेल तर ‘बघू, जमलं तर येतो’ म्हणणारे पावसाचं कारण सांगतात. भावे नाट्यमंदिराचा मोह पहिल्याच वर्षी नको. रिकाम्या खुर्च्या कलाकाराला बघवत नाहीत, आणि फोटोत तर आणखी जास्त दिसतात.

आणि स्वतः ऐकायला जा. मिरजेत नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीतसभा होतात, आणि उरुसात दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होतात. शास्त्रीय तुमचा प्रांत नसला तरी जिल्ह्यातले सगळ्यात तयार कान तिथे जमिनीवर बसलेले असतात. तिथे पत्रकं वाटू नका, ते शोभत नाही. दोन वर्षं नुसते बसा. तबलजी, पेटीवाले आणि साऊंडवाले ओळखीचे होतात आणि पुढचे निम्मे कार्यक्रम याच माणसांकडून येतात. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचाही असाच उपयोग. तिथे श्रोते कमी आणि साथीदार जास्त मिळतात.

आकाशवाणी आणि पेपर

आकाशवाणी सांगलीची चाचणी द्या. सुगम, शास्त्रीय, लोकसंगीत अशा वेगवेगळ्या प्रकारांत ती होते आणि बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. तयारीसाठी काही महिने हाताशी ठेवा, कारण एक आवडतं गाणं घोटून भागत नाही, गाण्यांचा साठा लागतो. मानधन फार नसलं तरी ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे शब्द संस्थांच्या पत्रव्यवहारात अजून वजन राखून आहेत.

पेपरच्या सांगली आवृत्तीला बातमी पाठवताना तिला बातमीचा आकार द्या. दीडशे शब्द, आडवा फोटो, पहिल्या वाक्यात गाव. ‘तासगावच्या तरुणीचं छाटणीवरचं गाणं’ ही बातमी आहे. ‘नवोदित गायिकेचं गाणं प्रदर्शित’ ही नाही. बातमी आली की तिचा फोटो ब्रॉडकास्टवर पाठवा. पेपरातलं नाव बघून घरचेही गाण्याला काम म्हणायला लागतात, हा जोडफायदा.

पैसे टाकून वाढवायचं का?

‘दहा हजार स्ट्रीम हमखास’ असे मेसेज रिलीजच्या दुसऱ्या दिवसापासून येऊ लागतील. त्यांना उत्तरही देऊ नका. ते स्ट्रीम यंत्रांचे असतात. स्पॉटिफाय अशा गाण्यांबद्दल वितरकाला दंड लावतं, वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो, आणि गाणंही काढून टाकलं जाऊ शकतं. यूट्यूबवर विकत घेतलेले व्ह्यूज पाच सेकंदांत निघून जातात आणि हे गाणं कुणाला नको आहे असा यूट्यूबचा समज होऊन बसतो.

इन्स्टाग्रामची साधी जाहिरात मात्र करून बघण्यासारखी आहे, तीही आपोआप बरी चाललेल्या रीललाच. पडलेल्या रीलवर पैसे घालू नका. रोज दोनशे रुपये, पाच दिवस. भाग म्हणून सांगली आणि भोवतालचा परिसर निवडा, अख्खा महाराष्ट्र नको. जवळचा माणूस उद्या सतरंजीवर येऊन बसू शकतो.

मोजायचं काय? व्ह्यूज शेवटी बघा. यूट्यूबवर आधी आलेख उघडा आणि लोक कितव्या सेकंदाला सोडून जातात ते पाहा. विसाव्या सेकंदाला अर्धे गेले तर आरंभीचं संगीत लांबलंय, पुढच्या गाण्यात ते कापा. स्पॉटिफायवर ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं सेव्ह केलं ते बघा. आणि आपल्या यादीत, दुसऱ्या कार्यक्रमाला परत आलेली माणसं किती. हा आकडा कुठलंच अ‍ॅप देत नाही, दारात बसलेल्या मित्राने मोजायचा.

पैसे कुठून

स्ट्रीमिंगवर घर चालत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टी सुरूच होत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यांच्या जोडीला वर्षात ४,००० तास बघितलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. पहिली दोन-तीन वर्षं खरं उत्पन्न कार्यक्रमांचं. त्यामुळे मानधनाचं आधी बोला. संच किती जणांचा, साऊंड कुणाचं, प्रवास आणि जेवण कुणाकडे, वेळ किती. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ‘बरोबर आहे’ असं उत्तर घ्या, आणि सुपारीची निम्मी रक्कम आधी खात्यावर. ‘तुमचीच प्रसिद्धी होईल’ म्हणणाऱ्या आयोजकाला मंडपवाल्याला किती देताय ते हसत विचारा. साथीदारांचे पैसे त्याच रात्री चुकते करा, तुमचे आले नसले तरी.

वितरक आणि यूट्यूब दोघेही अमेरिकी कराचा फॉर्म मागतात, त्याचं नाव डब्ल्यू-८ बेन. ऑनलाइनच भरायचा असतो, पॅन हाताशी ठेवा. भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवरचा तिकडचा कर १५ टक्क्यांवर येतो, पण फॉर्ममध्ये भारताचा रहिवासी असल्याचं नोंदवलंत तरच. यूट्यूबच्या बाबतीत तो फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या कमाईवर लागतो. पॅनवरचं, बँकेतलं आणि वितरकाकडचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. मंचावरचं नाव वेगळं असेल तर ते कलाकाराच्या रकान्यात लिहा, खातेदाराच्या नव्हे.

पुढचं गाणं तीन-चार महिन्यांत हवं. यादीतली माणसं त्याहून जास्त थांबत नाहीत, नंबर सेव्ह करून कुणाचा होता हे विसरून जातात. छाटणीचं गाणं सप्टेंबरात आलं असेल तर दुसरं रेकॉर्डिंग दिवाळीनंतर लगेच धरा. द्राक्षाची काढणी सुरू झाली की ढोलकीवाला बागेतून सुटणार नाही.